मेहुण्याची गाडी विचारात पडते

चालती गाडी रस्त्यात गळपटली की ज्याच्या तोंडावर समाधान पसरतं, असा माणूस गाझियाबादपासून गुरुग्रामपर्यंत एकच आहे, आणि तो माझ्या नशिबी मेहुणा म्हणून आला आहे. बाकीचे पिकअपवाले अशा वेळी काय करतात ते मी पाहिलेलं आहे. चढावर गाडीचा दम गेला, पाय तळाला टेकवला तरी ती पुढं ओढेना, की कुणी स्टिअरिंगवर बुक्की मारतो, कुणी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, कुणी मिस्त्रीला फोन लावून रडकुंडीला येतो. आमचा मेहुणा चारही इंडिकेटर लावतो, गाडी हळूच डाव्या कडेला घेतो, मागच्या चाकाला दगड लावतो, गोणपाट पसरून त्यावर मांडी घालतो आणि खिशातून भाजलेले शेंगदाणे काढतो. "काय रे, बंद पडली का?" असं विचारलं तर त्याला राग येतो. "बंद नाही पडली दाजी. विचारात पडली." पंधरा-वीस मिनिटं तो शेंगदाणे खातो, सालं फुंकून उडवतो, मग उठून किल्ली फिरवतो, आणि गाडी जसं काही झालंच नाही अशी निघते. असं का होतं ते मी पुढं सांगणार आहे. पण ते कळायला मला आठ महिने लागले, आणि मी फौजेत चोवीस वर्षं गाड्या चालवलेला माणूस आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. मागून कुणी टोमणा मारायला नको.

मेहुणा दिसायला उंच, बारीक आणि मध्येच वाकलेला. शिडी भिंतीला टेकवून ठेवावी तसा तो कशाला ना कशाला टेकूनच उभा राहतो. मार्च संपला तरी डोक्यावरची माकडटोपी उतरत नाही आणि डिसेंबरच्या धुक्यात पायात साध्या चपला. थंडी डोक्यातून शिरते, पायातून शिरत नाही, असं त्याचं शास्त्र. तो एकोणीस वर्षांचा असताना माझी बायको त्याला गावाहून इकडं घेऊन आली. मला इथं पोस्टिंग होतं. आम्हाला मूल नव्हतं, पुढंही झालं नाही. स्टेशनवर तिनं त्याला माझ्यासमोर उभा केला आणि म्हणाली, "याला काही येत नाही, पण हा चोरी करणार नाही." तीस वर्षं झाली, दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या. मी त्याला गाडी शिकवली, तिनं स्वयंपाक शिकवला. पैकी गाडी त्याला आली. पुढं त्याचं लग्न झालं, शेजारच्या गल्लीत त्याचं घर झालं, तरी रोज सकाळी "अक्का, चहा!" अशी आरोळी आमच्याच दारात. त्याची बायको बिचारी घरी चहा करायची, तो तिथंही प्यायचा. दोन चहा झाल्याशिवाय आपल्याला डावं-उजवं कळत नाही, असं तो ट्रॅफिक पोलिसालासुद्धा सांगतो.

सहा वर्षांपूर्वी त्यानं स्वतःची पिकअप घेतली. इकडं डिझेलच्या गाडीला सरकारनं दहा वर्षं दिलेली आहेत. कुत्रंसुद्धा त्याहून जास्त जगतं. त्यामुळे त्याला पहिल्या दिवसापासून गाडीची दया येते. "हिचं सहावं चालू आहे दाजी, म्हणजे आपल्या हिशेबानं पंचेचाळिशी उलटली. या वयात बाईमाणसाला जिना चढताना दम लागणारच." गाडीला तो 'बाय' म्हणतो आणि तिच्याशी फक्त मराठीत बोलतो. साऱ्या जगाशी हिंदी, गाडीशी मराठी. ती लहानपणापासून आपल्यात वाढली, तिला हिंदी समजत नाही, असं त्याचं ठाम मत. एकदा यूपी गेटच्या अलीकडे गाडी विचारात पडली तेव्हा एक हवालदार दांडकं आपटत आला. "ओ ताऊ, गाडी हटाओ यहाँ से!" मेहुणा गोणपाटावरून हलला नाही. हात जोडून म्हणाला, "साहब, आप जोर से मत बोलो. वो घबरा जाएगी." हवालदारानं आत डोकावून पाहिलं. केबिनमध्ये कुणी नव्हतं. "कौन घबरा जाएगी?" मेहुण्यानं बॉनेटवर हात ठेवला. हवालदार थोडा वेळ त्याच्याकडे, थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "मेरा साला है." तो म्हणाला, "तो फिर ठीक है," आणि शेंगदाणे खायला बसला.

धंदा त्याचा घरसामान हलवायचा. इकडचे नोकरदार लोक विंचवासारखे, पाठीवर बिऱ्हाड. आज गाझियाबाद, दोन वर्षांनी गुरुग्रामच्या वीस मजली सोसायटीत, मधूनच आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात. या सगळ्यांची कपाटं, पलंग, कुंड्या मेहुण्याच्या हातून गेल्यात, आणि त्या सामानावरून तो माणसं वाचतो. "दाजी, घर बघायचं तर सामान चढवताना बघावं. मांडल्यावर सगळीच घरं शहाणी दिसतात." ज्या घरात नवरा-बायकोच्या उशा वेगवेगळ्या खोक्यांत भरलेल्या असतील तिथं तो स्वतः दोन्ही उशा काढून एका खोक्यात कोंबतो. आरशाचं तोंड मागच्या बाजूला करून कधीच ठेवत नाही. मागच्या गाडीवाल्याला स्वतःचं तोंड दिसलं की त्याचं लक्ष उडतं म्हणे. तुळशीची कुंडी असेल तर ती पुढं, त्याच्या आणि माझ्या मध्ये. पाटा-वरवंटा असेल तर तो मालकाच्या आजीला विचारल्याशिवाय उचलत नाही, आजी कधीच वारलेली असली तरी.

आर. के. पुरमचे एक साहेब होते. बदली होऊन गुरुग्रामला चालले होते, सोबत चार खोल्यांचं सामान आणि स्वभाव तापट. धौला कुआँच्या उड्डाणपुलावर अर्ध्या चढात गाडीचा आवाज पडला, मागून काळा धूर निघाला, साठवर असलेला काटा वीसवर आला. मेहुण्यानं चार इंडिकेटर लावून पुलाच्या टोकाला कडेची जागा गाठली. साहेबांची मोटार मागून आली, साहेब उतरले, इंग्रजीत सुरू झाले. मेहुण्यानं त्यांचाच प्लास्टिकचा स्टूल सामानातून काढून त्यांना बसायला दिला. मग शेंगदाणे दिले. मग सांगितलं, "सरजी, आप नई जगह जा रहे हो. दस मिनट पुरानी जगह को याद कर लो. फिर टाइम नहीं मिलेगा." मला वाटलं आता हे साहेब याला चोपणार. साहेब स्टुलावर टेकले. थोड्या वेळानं म्हणाले की त्यांच्या मुलीनं त्या क्वार्टरच्या अंगणात चालायला सुरुवात केली होती. गाडी निघाली तेव्हा साहेबांनीच चाकाचा दगड काढला. अशी लबाडी देवानं काही माणसांना देऊन ठेवलेली असते. त्यांचं इंजिन बिघडलं तरी समोरचाच माफी मागतो.

आता माझं सांगतो. मला या विचारात पडण्याचा पहिल्या दिवसापासून संताप होता. इंजिन हे इंजिन आहे. त्याला दोनच गोष्टी लागतात, डिझेल आणि हवा. डिझेल कमी पडलं तर गाडी धक्के खाते, गचके देते. हवा कमी पडली तर काळा धूर ओकते आणि गुदमरते. ही गाडी गुदमरत होती. आठवी नापास माणसाला जे फौजेनं शिकवलं ते एवढंच आणि ते पुरेसं आहे. मी म्हटलं, "हवेचा डबा उघड. एअर फिल्टर बघू." मेहुणा म्हणाला, "हवेचं मी बघतो. ते सोडून सगळं बघा." मी म्हटलं, "अरे लेका, दुखतं पोट आणि तू म्हणतोस पोट सोडून सगळं तपासा!" तो म्हणाला, "दाजी, तुम्ही म्हणाल ते बदलतो, पण डब्याला हात नाही." मग काय, मी म्हणेन ते बदललं. डिझेलचा फिल्टर बदलला, टाकी उतरवून धुतली, टर्बोचा रबरी पाइप बदलला. गाडी दोन दिवस मान राखायची आणि तिसऱ्या दिवशी चढावर विचारात. जी. टी. रोडवरचे तीन मिस्त्री झाले. तिसरा सरदार होता, हुशार माणूस, त्यानं कुणाला न विचारता सरळ त्या डब्याच्या क्लिपेवर बोट ठेवलं. मेहुण्यानं बॉनेट इतक्या झपकन खाली घेतलं की त्याची बोटं थोडक्यात वाचली. वर हा बॉनेटवर जाऊन बसला, चपलांसकट. सरदार मला म्हणाला, "बाबूजी, पहले इसका इलाज कराओ. गाडी का मैं मुफ्त में कर दूँगा."

मला वाटलं, हट्ट आहे. घराण्यातलाच आहे. माझी बायको तरी काय कमी हट्टी होती? गावाकडं नळाला फडकं बांधतात, पाणी गाळून यावं म्हणून. इकडं येऊन तीस वर्षं झाली, घरात पाण्याचं मशीन आलं, तरी आमच्या प्रत्येक नळाच्या तोंडाला तिचं गाळणं बांधलेलं. धूळ ही तिची जन्माची वैरीण. दिवाळीनंतर इकडची हवा अशी होते की दुपारी सूर्य लिंबाच्या फोडीसारखा दिसतो. तेव्हा ती खिडक्यांच्या फटीसुद्धा जुनेराच्या पट्ट्यांनी बुजवायची. महिन्यातून एकदा तर भावाच्या गाडीचं एक काळंकुट्ट फडकं वेगळ्या बादलीत भिजवायची आणि सगळी मोरी डिझेलच्या वासानं भरून जायची. मी ओरडायचो, "टाकून दे ते! गाडी पुसायला दुसरं फडकं मिळत नाही का त्याला?" ती म्हणायची, "तुम्हाला काय करायचंय? तुम्ही पेपर वाचा." मी पेपर वाचायचो.

तिला जाऊन चौदा महिने झाले. छातीत कफ झाला, सहा दिवस दवाखान्यात होती.  घर दोन खोल्यांचं आहे, तेवढंच आहे, मोठं मात्र फार झालं.

ती गेल्यापासून मेहुणा सकाळचा चहा माझ्या हातचा पितो आणि दर रविवारी जेवायलाही येतो. त्याची बायको डबे करून देते, सुगरण आहे, घरी त्याला काय कमी नाही. तरी येतो, आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतो. "दाजी, ही आमटी आहे का गाडी धुतलेलं पाणी?" मी म्हणतो, "गिळायची तर गीळ." "तिखट नाही, मसाला नाही. फौजेत तुम्हाला कुणी स्वयंपाकघरात घेतलं नाही ते बरं झालं, नाहीतर शत्रू जिंकला असता." फडताळात माझ्या बायकोनं केलेल्या कांदा-लसूण मसाल्याची बरणी त्याला समोर दिसत होती. त्यानं कधी तिचं नाव काढलं नाही. मीही कधी ती उघडली नाही. का उघडली नाही ते माझं मला ठाऊक होतं, आणि त्याच्या बापाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

असं आणखी आठ महिनेही चाललं असतं. पण या फेब्रुवारीत त्याची बायको गाडीत बसली. एरवी ती बसत नाही, म्हणते सामानासारखं वाटतं. आर. के. पुरमला कुणाकडे हळदीकुंकू होतं, परतीची गाडी भाकड, म्हणजे रिकामीच होती, म्हणून बसली. एक्स्प्रेसवेवर मेहुणा ट्रकला ओलांडायला उजवीकडे गेला आणि तिथं, मधोमध, गाडी विचारात पडली. मागून कंटेनर. तो भोंगा वाजवत आला, आणि तिच्या खिडकीपासून हातभर अंतरावरून गेला. तिच्या मांडीवरचं वाण, तिळगूळ, सगळं पायाशी सांडलं. मेहुण्यानं कशीबशी गाडी कडेला घेतली, आणि सवयीनं, देवा, सवयीनं गोणपाट पसरलं. त्या बाईनं ते गोणपाट उचलून रस्त्याच्या खाली फेकून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. माझ्यासमोर डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणारी बाई, तिनं माझ्या डोळ्यात बघून सांगितलं. "दाजी, शनिवारी मेरठचं गिऱ्हाईक येतंय. गाडी जाईल. हे कुणाकडं तरी ड्रायव्हर म्हणून राहतील. मला माणूस पाहिजे, गाडी नको. अक्का असत्या तर त्यांनीच विकायला लावली असती."

तिचं काही चुकलं नव्हतं. मी तसं सांगितलंही.

तासाभरानं मेहुणा आला. भिंतीला टेकला. टोपी हातात होती, म्हणजे गोष्ट गंभीर. "दाजी, तुम्ही तिला सांगा. गाडी नको विकायला. ती तुमचं ऐकते." मी म्हटलं, "काय सांगू? गाडी विचार करते, तिला वेळ द्या, असं सांगू?" तो टोपी पिळत राहिला. पन्नाशीला आलेला माणूस आणि खालचा ओठ असा, की त्या स्टेशनवरच्या दिवसाची आठवण झाली. मग मी फौजी निकाल दिला. शुक्रवारी शेजारच्या बांधकामावरून वाळूची पोती भरायची, पुरं वजन. मी शेजारी बसणार. हिंडन नदीच्या पुलाचा चढ गाडी एका दमात चढली तर तुझ्या बायकोशी मी बोलतो. नाही चढली तर शनिवारी किल्ली मी माझ्या हातानं गिऱ्हाइकाला देईन. "कबूल?" त्यानं मान हलवली, पण मान कबूल असल्यासारखी हलली नाही.

शुक्रवारी दुपारी नो-एन्ट्री उठल्यावर निघालो. सपाटीला गाडी गुणी पोरीसारखी. मेहुणा तिच्याशी बोलत होता. "चल बाय. आज इज्जतीचा सवाल आहे. दाजी बसलेत." चढ आला. त्यानं गिअर खाली घेतला, पाय दाबला. पहिली पन्नास पावलं ओढली. मग तोच आवाज, छातीवर कुणी बसावं तसा. मी आरशात पाहिलं, मागं काळा धूर. काटा पडायला लागला. "चल ना गं," मेहुणा म्हणाला, आणि गाडी मुंगीच्या चालीनं कडेला जाऊन थांबली.

तो दगड लावायला मागं गेला, तेवढ्यात मी बॉनेट उघडलं. डब्याला चार क्लिपा होत्या. पहिली काढली आणि त्यानं येऊन माझं मनगट धरलं. तीस वर्षांत या माणसानं माझ्या अंगाला पाया पडण्याशिवाय हात लावलेला नाही.

"दाजी, त्याला नको."

"हात सोड."

"दाजी, विका गाडी. उद्या विका. पण ते नको."

"हात सोड म्हणतो ना!"

त्यानं सोडला आणि तोंड फिरवून नदीकडं बघत राहिला. मी उरलेल्या तीन क्लिपा काढल्या, झाकण उचललं. आत फिल्टर होता, आणि फिल्टरला उशीचा अभ्रा असावा तसं एक फडकं घातलेलं होतं, वर नाडी ओढून बांधलेलं. काळं, तेलकट, धुळीचा थर इतका की बोट रुतावं. इंजिन जोरात श्वास घ्यायला लागलं की ते फिल्टरला घट्ट चिकटत होतं, सगळी हवा बंद. गाडी थांबली की सुटत होतं, आणि गाडी परत चालत होती. पंधरा मिनिटांच्या शेंगदाण्यांचं कोडं ते हेच. मी शिवी देणारच होतो. कंपनीनं काय वेडेपणानं कागदाचा फिल्टर दिलाय का, कुठल्या गाढवानं हे... आणि माझं बोट नाडीच्या गाठीवर गेलं. एक गाठ, तिच्यावर दुसरी, आणि तिच्यावर तिसरी. दोन गाठींवर विश्वास नसलेली बाई मला आयुष्यात एकच भेटली. धूळ नखानं खरवडली तर खाली हिरवा रंग निघाला. तिचं इरकल. कोपराला लागून लागून विरलं तेव्हा तिनं त्याचं जुनेर केलं होतं.

"पहिल्या थंडीत फिल्टर तव्यासारखा काळा झाला होता," मेहुणा नदीकडं तोंड करूनच बोलला. "अक्का म्हणाली, नळाला बांधतो तसं गाडीच्या नाकाला गाळणं बांधू. तुम्हाला सांगू नको म्हणाली, तुम्ही हसाल. महिन्याच्या महिन्याला धुऊन द्यायची. दवाखान्यात जायच्या आधी पाच दिवस धुऊन, वाळवून, तिनं स्वतः घातलं. मी बॉनेट धरून उभा होतो. तिची ती शेवटची गाठ आहे दाजी. सोडली की सुटली."

माझ्या जवळून गाड्या जात होत्या. त्या सगळ्यांना हॉर्न होते आणि ते सगळे वाजत होते. मी डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. शेवटी मी म्हटलं, "अरे येड्या, ती धुळीशी भांडायला बसलेली बाई. तिच्या हातचं कापड तू सव्वा वर्ष धुळीत ठेवलंस? तिला दिसलं असतं तर तुला चपलेनं मारलं असतं." तो नदीकडं बघतच हसला. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि तो बॉनेटला टेकून उभा राहिला. मी त्याला रडू दिलं. शेंगदाणे त्याच्या खिशातून मीच काढले आणि एक-एक खात राहिलो, कारण माझ्याही तोंडाला काहीतरी काम पाहिजे होतं.

गाठ त्यानं सोडली. मी सोडणार नव्हतो. नखं मोडली त्याची, तीन गाठी म्हणजे तीन गाठी. फडकं काढून कागदी फिल्टर आपटून साफ केला, झाकण लावलं, आणि वाळूच्या पुऱ्या वजनासकट गाडी त्या अर्ध्या चढावरून अशी उठली की मेहुण्याची टोपी मागं पडली. पुलाच्या माथ्यावर तो ओरडला, "बाय! बाय गं!" शेजारच्या बसमधले लोक आपल्याला निरोप देतोय समजून हात हलवायला लागले. शनिवारी मेरठच्या गिऱ्हाइकाला मी दारातूनच परत पाठवलं. मेहुण्याच्या बायकोला मी स्वतः गाडीत बसवून तोच चढ दोनदा दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "बरं." त्या बाईचं 'बरं' हे दुसऱ्याच्या स्टँपपेपरसारखं असतं. वर तिनं नवं गोणपाट शिवून दिलं. मेहुणा अजून पुलाच्या अलीकडे थांबतो, गाडी ठणठणीत असताना थांबतो, मांडी घालून बसतो. मी विचारलं, "आता काय झालं?" तर म्हणतो, "तिला नाही विचार पडत आता. मग कुणीतरी करायला नको का?" 

फडकं मी घरी आणलं. वेगळी बादली घेतली, ती घ्यायची तीच. पहिलं पाणी डांबर, दुसरं पाणी डांबर. मोरी सगळी डिझेलच्या वासानं भरली आणि मला ओरडायला घरात कुणी नव्हतं. पाचव्या पाण्याला हिरवा रंग वर आला. वाळवून मेहुण्याला दिलं तर त्यानं घेतलं नाही; "तुमच्या नळाला बांधा" म्हणाला. पिण्याच्या नळाला नाही बांधलं, मी काय खुळा नाही. गॅलरीत कुंड्यांना पाणी घालायचा नळ आहे, त्याला बांधलं. तीन गाठी मारल्या. माझ्या गाठी तिच्यासारख्या बसत नाहीत, पण बसतील.

त्या रविवारी मेहुणा जेवायला आला. आमटीचा पहिला घास घेतला आणि वाटी खाली ठेवली. टोपी काढली. या माणसानं चौदा महिन्यांत माझ्या आमटीला नावं ठेवली नाहीत असा हा पहिला रविवार. फडताळाकडं त्यानं पाहिलं, बरणीचं झाकण उघडं होतं. चुलीजवळ मसाला सांडलेला होता थोडा, मी पुसला नव्हता.

"किती राहिलाय, दाजी?"

"दोन-तीन रविवार पुरेल."

"मग कमी घालायचा होता ना."

"कमी घातला की चव येत नाही," मी म्हटलं. "जेव गुमान. गार होतंय."